म्हातारीची तहान

‘वय झाले’ हे दोन शब्द आपल्याकडे फार सढळ हाताने वापरले जातात. गुडघा दुखला, वय झाले. नाव आठवेना, वय झाले. भिंतीचे पोपडे निघाले, घराचेही वय झाले! या दोन शब्दांत मोठी सोय असते. ते उच्चारले की पुढे काही शोधायचे राहत नाही. सांगणारा मोकळा होतो आणि ऐकणाराही मान डोलावून गप्प बसतो. अलीकडे मला मात्र या शब्दांचा संशय येऊ लागला आहे. आणि गंमत अशी की, तो संशय माझ्या मनात एका जुन्या मोटारीने घातला आहे.

मोटार माझी नव्हे. जळगावला माझे एक मावसभाऊ असतात. आम्ही सारे त्यांना दादा म्हणतो. त्यांची ही गाडी, प्रीमियर पद्मिनी, १९८४ सालची. ज्यांचे केस पिकले आहेत त्यांना पद्मिनीची ओळख करून द्यायला नको. तरुण वाचकांसाठी सांगतो. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने इटलीच्या फियाट कंपनीची ‘११०० डिलाइट’ ही गाडी १९६४ पासून मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात काढली. पुढे १९७४ च्या सुमारास तिचेच नाव पद्मिनी झाले. १०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्याला बसवलेला गिअर आणि चौकोनी, घरंदाज चेहरा. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच. त्या टॅक्सींपैकी शेवटचीही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. दादांची गाडी मात्र अजून दर महिन्याला जळगावहून धुळ्याला जाते, कारण धुळ्याला त्यांची थोरली बहीण, आमची अक्का राहते.

दादा निवृत्त शिक्षक. पेट्रोल भरले की गाडीत ठेवलेल्या वहीत तारीख, लिटर आणि मीटरचा आकडा लिहायचा, हा त्यांचा जुना नेम. १९८० च्या दशकातल्या पानांवर लिटरला १४ किलोमीटर असे आकडे ओळीने दिसतात. मधल्या काळात ते १३ झाले, १२ झाले, आणि गेल्या दोन वर्षांत घसरत घसरत ९ वर आले. जळगाव-धुळे जाऊन-येऊन, गावातल्या फेऱ्या धरून, १९० किलोमीटर होतात. १४ च्या हिशेबाने साडेतेरा लिटर पुरायचे, ते ९ च्या हिशेबाने एकवीस लागू लागले. पेट्रोल लिटरला शंभराच्या वर गेल्यावर साडेसात लिटर म्हणजे काय, हे पेन्शनीवर घर चालवणाऱ्याला सांगावे लागत नाही. घरात गाडी काढून टाकण्याची भाषा सुरू झाली. गावातल्या एका गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून, दोन मिनिटे आत पाहून निकाल दिला : “म्हातारी व्हई गयी भाऊ, ईकी टाका!” आणि विकायची नसेल तर नवा कार्बुरेटर बसवा, असा उपायही सुचवला.

वास्तविक ‘म्हातारी झाली’ आणि ‘नवा कार्बुरेटर बसवा’ ही एकाच आजाराची दोन निदाने होऊ शकत नाहीत. पण घाईच्या निदानात अशी विसंगती खपून जाते.

गाडी विकण्यापूर्वी एकदा धुळ्याच्या एका जुन्या मिस्त्रींना दाखवावी, असे दादांच्या मनात आले. मी तेव्हा योगायोगाने त्यांच्याकडे गेलो होतो, म्हणून पुढचे सारे मला जवळून पाहायला मिळाले. मिस्त्रींचे आयुष्य आग्रा रोडवर ट्रक आणि मोटारी उघडण्यात गेलेले. त्यांनी बॉनेटला हातही लावला नाही. दादांची वही मागून घेतली, चष्मा लावून शांतपणे वाचली आणि म्हणाले, “मास्तर, आधी हा आकडा खरा आहे का ते बघू. गाडीची पाळी नंतर.”

मला हे फार आवडले. आपण आजाराला हात घालतो. पण मुळात आजार किती आहे, याचे माप खरे की खोटे हे पाहतच नाही. मिस्त्रींचे म्हणणे असे, की टाकी भरायची ती दर वेळी त्याच पंपावर, त्याच जागी गाडी उभी करून. जमीन थोडी जरी कलती असली तरी टाकीत हवा अडकते आणि एखादा लिटर इकडचा तिकडे होतो. एका भरण्यावर विश्वास ठेवायचा नाही. तीन भरण्यांची सरासरी घ्यायची. आणि जातानाचे माप वेगळे, येतानाचे वेगळे न धरता दोन्ही मिळून एकच धरायचे. याचे कारण खानदेशच्या माणसाला चटकन पटेल. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत, त्या उगीच नव्हेत. पावसाळ्याच्या महिन्यांत पश्चिमेचा वारा असा सुटतो की जळगावहून धुळ्याला जाणारी गाडी सारा रस्ता त्याच्याशी झुंजत असते, आणि परतताना तोच वारा तिला मागून ढकलतो. आषाढात फक्त जातानाचे माप घेतले तर धडधाकट गाडीही आजारी ठरेल.

मग मीटरची पाळी. परतताना पाळधीच्या अलीकडे रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड आम्ही मोजायला घेतले. दहा किलोमीटर झाले तेव्हा मीटरने साडेनऊच दाखवले. कारण उघड होते. मूळ मापाचे टायर मिळेनात म्हणून दोन वर्षांपूर्वी थोडे थोराड टायर बसवले होते. मोठे चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापते. पण मीटर बिचारा फेरेच मोजतो. म्हणजे वहीतले ९ हे खरे साडेनऊ होते. गाडीने अर्धा किलोमीटर कमावला, आणि तोही एकही स्क्रू न फिरवता!

याच मीटरचा आणखी एक चावटपणा असा, की काटा ८० वर असताना गाडी ८४ ने धावत असते. आणि काटा ८० वर हल्ली वारंवार असतो. दादांचे गुडघे दुखू लागल्यापासून धुळ्याची गाडी त्यांचा पुतण्या चालवतो. पूर्वीचा सहा क्रमांकाचा, आताचा त्रेपन्न क्रमांकाचा हा महामार्ग एके काळी कसा होता, ते ज्यांनी एरंडोल-पारोळ्याच्या दरम्यान मालट्रकांच्या मागे तासन् तास धूर खाल्ला आहे त्यांना आठवत असेल. त्या अरुंद रस्त्यावर पन्नासच्या पुढे जायची सोयच नव्हती. दादांच्या वहीतले १४ हे त्या पन्नासच्या चालीतले आहेत. आता रस्ता चौपदरी झाला, आणि तरुण माणसाच्या पायाला पन्नासची चाल कशी रुचावी? पण हवा कुणाची भीड धरत नाही. वेग ५० वरून ८० वर नेला की हवेचा विरोध अडीचपट होतो. पद्मिनीचा चौकोनी चेहरा तर त्या हवेला छातीच पुढे करतो. १९७३ च्या तेलसंकटाने साऱ्या जगाला पेट्रोल मोजायला शिकवले. आपल्याकडे १९७८ साली पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था स्थापन झाली, आणि मोटारी ताशी ४५ ते ५५ किलोमीटरने चालवा, हा तिचा सल्ला पुढे घरोघर पोचला. तेव्हाच्या रस्त्यावर तो सल्ला फुकटात पाळला जात असे. रस्ता सुधारला आणि गाडीची तहान वाढली. दोष मात्र गाडीच्या वयावर गेला.

पुतण्याला हे सांगितल्यावर तो हसला. पण पुढच्या खेपेला त्याने काटा ५५ च्या पुढे जाऊ दिला नाही. धुळ्याला पोचायला अर्धा-पाऊण तास जास्त लागला, आणि आकडा साडेदहापर्यंत आला.

एवढे झाल्यावर मिस्त्री गाडीकडे वळले. तेव्हाही त्यांची दृष्टी इंजिनाकडे नव्हती, चाकांकडे होती. “गाडी खाते किती ते मागून बघू,” ते म्हणाले, “आधी तिला कोण अडवतंय ते बघू.” पुढच्या फेरीत पारोळ्याला चहाला थांबताना ब्रेक शक्यतो न दाबता गाडी आपसूक थांबू द्यायची आणि उतरून चारही चाकांजवळ हात नेऊन पाहायचा, असे त्यांनी सांगून ठेवले होते. तीन चाके नुसती कोमट लागली. मागचे डावे मात्र तापलेल्या तव्यासारखे. त्या चाकाचा ब्रेक पाय काढला तरी पुरता सुटत नव्हता. जॅक लावून चाक वर उचलले तर हाताने फिरवताना ते अर्ध्या फेऱ्यातच अडे. म्हणजे म्हातारी दीड-दोन वर्षे एक पाय ओढत जळगाव-धुळे करीत होती आणि सारे तिला ‘फार पिते’ म्हणून बोल लावत होते! चाकाचा ब्रेक खोलून साफ झाला, आतले रबर बदलले. टायरांत हवाही कमी होती. ती बरोबर भरली. मऊ टायर रस्त्यावर पसरतो, आणि त्याला ढकलण्यात पेट्रोल जाते. सायकल चालवलेल्या कुणालाही हे ठाऊक असते, पण मोटारीत बसले की त्याचा विसर पडतो.

यानंतर बॉनेट उघडले गेले. रेडिएटरकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडाशी थर्मोस्टॅट नावाची एक लहानशी झडप असते. इंजिन पुरेसे तापेपर्यंत ती पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. ती जागा रिकामी होती. खानदेशात हा प्रकार नवा नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास गेला, एखादी गाडी उकळली, की कुणीतरी ही झडप काढून फेकून देतो. उन्हाळ्यात त्याने बरेही वाटते. पण पौषातल्या पहाटे निघालेल्या गाडीचे इंजिन मग मैलोन् मैल थंडच राहते. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, चोक ओढून ठेवावा लागतो, आणि आत गेलेल्या पेट्रोलपैकी काही न जळताच बाहेर पडते. उन्हाळ्याचे औषध असे बाराही महिने चालू राहिले होते. झडप परत बसली, रेडिएटर धुतला गेला, आणि गाडी उन्हातही उकळली नाही.

आता कार्बुरेटर. मिस्त्रींनी चारही प्लग काढून कागदावर ओळीने मांडले. वैद्य जीभ पाहतो तसे हे पाहणे. प्लगचे टोक भाजलेल्या बिस्किटाच्या रंगाचे असले तर मिश्रण ठीक. पांढरे पडले तर पेट्रोल कमी, हवा जास्त. कोरडी काजळी धरली तर पेट्रोल जास्त. एकच प्लग काळा असता तर दोष त्या एका सिलिंडरचा. इथे चारही सारखेच काळवंडले होते. म्हणजे दोष चौघांना पाजणाऱ्याचा. तरी कार्बुरेटर नवा लागला नाही. त्याच्या पोटात पेट्रोलची पातळी राखणारी एक सुई असते, तिची बैठक झिजली होती, आणि पेट्रोल हवे त्यापेक्षा वर चढत होते. ती सुई बदलली. एअर फिल्टर काळ्या मातीच्या धुळीने आणि कापसाच्या तंतूंनी गच्च भरला होता. तो नवा टाकला. ठिणगीची वेळ थोडी मागे पडली होती, ती जागेवर आणली. या साऱ्याचा खर्च नव्या कार्बुरेटरच्या किमतीच्या जवळपासही गेला नाही.

तीन भरण्यांनंतर दादांनी वहीत आकडा मांडला : साडेबारा.

मी म्हटले, “झाले की! म्हातारी पुन्हा तरुण झाली.” दादा शिक्षक. ते म्हणाले, “अजून दीड कमी आहे. तो कुठे गेला?”

त्या दीडमधला मोठा वाटा गाडीचा नव्हताच. तो पेट्रोलचा निघाला. आज पंपावर मिळते त्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. देशभर हे प्रमाण २०२५ मध्ये गाठले गेले. उसाची मळी, उसाचा रस, तांदूळ आणि आपल्या खानदेशातही पिकतो तो मका, यांपासून ते काढतात. परदेशातून येणारे तेल तेवढे वाचते आणि शेतकऱ्याच्या मालाला गिऱ्हाईक मिळते, ही त्याची जमेची बाजू. पण लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. जुन्या धाटणीच्या मोटारींचे ॲव्हरेज त्यामुळे सहा ते सात टक्क्यांनी घटेल, हे सरकारच्याच २०२१ च्या अहवालात लिहिले आहे. १४ चे सहा-सात टक्के म्हणजे जवळजवळ एक किलोमीटर. शिवाय इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. नव्या गाडीत धुरातला प्राणवायू तपासणारे यंत्र असते, ते आपले आपण पेट्रोल वाढवून मेळ घालते. कार्बुरेटर आंधळा; त्याला ठरलेले माप तेवढे ठाऊक. म्हणून मिस्त्रींनी मिश्रण अगदी थोडे जाड ठेवले आणि पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या बदलून इथेनॉल सोसणाऱ्या घातल्या, कारण जुने रबर त्याने फुगते आणि तडकते. फुटलेल्या नळीतून गळणारे पेट्रोल केवळ वाया जात नाही. ते गरम इंजिनावर पडले तर गाडी पेटू शकते.

राहिला अर्धा किलोमीटर. त्यावर मिस्त्री म्हणाले, “हे मात्र वय, मास्तर. सिलिंडर झिजले आहेत, रिंगा सैल आहेत. इंजिन बांधलं तर येईल परत. पण अर्ध्या किलोमीटरसाठी कुणी इंजिन बांधत नाही.”

मला त्या वाक्याने विचारात पाडले. सुरुवातीला सारेच्या सारे पाच किलोमीटर वयाच्या नावावर होते. एकेक वजा करीत गेलो. टायरचे काढले, वेगाचे काढले, ब्रेकचे, हवेचे, झडपेचे, सुईचे, इंधनाचे काढले. शेवटी खरोखर वयाचे उरले ते अवघे अर्धे. यांतला एकही दोष एकट्याने गाडी विकायला लावण्याइतका मोठा नव्हता. घरात मोठी चोरी झाली की आरडाओरडा होतो. पण दूधवाला, वाणी, मोलकरीण आणि घरची मुले अशा साऱ्यांनी मिळून रोज चार-चार आणे उचलले तर महिनाअखेर घरधनी म्हणतो, महागाई वाढली! महागाई खरीच असते. पण तिच्या आड बाकीचे लपतात. वयाच्या आड असेच काही लपते.

ही गोष्ट मोटारीपुरती राहिली असती तर मी ती इतकी लांबवली नसती. त्याच सुमारास अक्का फार थकत चालली होती. सत्तरी कधीच ओलांडलेली. दुपारी बसल्या जागी डोळा लागे, जिना चढायचा तिने सोडून दिला होता, भरताची वांगी भाजतानासुद्धा मध्येच पाटावर बसे. एरवी भावाशी तासभर बोलणारी अक्का दोन वाक्यांत गप्प होई. आम्ही सारे म्हणत होतो, वय झाले. ती स्वतःही तेच म्हणे, आणि तेही अशा समाधानाने की जणू वय हे कुणी पाहुणा म्हणून आले आहे आणि त्याला उठवणे बरे नव्हे.

साडेबाराचा आकडा वहीत मांडला त्याच संध्याकाळी दादा तिच्या ओसरीवर बसले होते. अक्काने चहा आणून दिला आणि धापा टाकत खांबाला टेकली. दादा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “अक्का, तुझं रक्त शेवटचं कधी तपासलं?” तिला आठवेना. घरात कुणालाच आठवेना. दुसऱ्या दिवशी तपासले. रक्तातले हिमोग्लोबिन बरेच कमी होते आणि थायरॉइडची गाठ मंदावलेली होती. दोन्ही विकार सर्वसाधारण, दोन्हींवर औषध आहे, आणि दोन्ही म्हातारपणाचा वेष घेऊन घरात राहू शकतात. गोळ्या सुरू झाल्या. पाच-सहा महिन्यांत अक्का पुन्हा जिना चढू लागली. मध्यावर एकदा थांबते, कठड्याला हात लावते, श्वास घेते आणि मग उरलेल्या पायऱ्या चढते.

ते मधले थांबणे वयाचे. त्याविषयी दादांची तक्रार नाही, आणि तिचीही नाही. वय नाहीच, असे म्हणणारा माणूस ‘सारे काही वयच’ म्हणणाऱ्याइतकाच फसलेला असतो. १९८४ च्या गाडीला १९८४ चा आकडा परत मिळायचा नाही. पण तिला नक्की किती मिळायचा, हे वजाबाकी केल्यावाचून कळत नाही. म्हाताऱ्या माणसाचे आपण एवढे देणे लागतोच, की वयाच्या नावावर मांडण्यापूर्वी दुसरे जे जे असेल ते आधी काढून पाहावे.

दादांच्या वहीत आता एक नवे सदर आहे. तारीख, लिटर, किलोमीटर यांच्यापुढे त्यांनी एक बारीक रेघ ओढली आहे आणि त्या रकान्याला शिक्षकी अक्षरात नाव दिले आहे : ‘कारण’. आकडा साडेबाराच्या खाली गेला की त्यात काहीतरी लिहावेच लागते. ‘समोरचा वारा’, ‘फागण्याजवळ ट्रकांची रांग’, ‘टायरात हवा कमी’, अशा नोंदी मी पाहिल्या. ‘वय झाले’ हा शेरा तिथे लिहायचा नाही, असा त्यांनी पुतण्याला दंडक घालून दिला आहे.